‘हाऊ भुकस का?’ : भित्र्या कुत्र्यासाठी घर शोधताना

रस्त्यावरून उचललेल्या, उपचार करून बऱ्या केलेल्या कुत्र्याला घर हवंय असं सांगितलं, की धुळ्याकडे पहिला प्रश्न ठरलेला : ‘हाऊ भुकस का?’ जळगावात शब्द जरा बदलतात, प्रश्न तोच राहतो. भुंकतो का? त्यात वावगं काही नाही. खानदेशात कुत्रा पिढ्यान्‌पिढ्या राखणीसाठी पाळला गेला. रावेर-यावलच्या केळीच्या बागा, कपाशीची गोदामं, एमआयडीसीतल्या डाळमिलची फाटकं, सगळीकडे त्याचं काम भुंकण्याचं. पंचाईत अशी, की तुमच्या जिन्याखाली शेपूट पोटाशी घेऊन बसलेलं जे जनावर आहे ते भुंकत नाही. चप्पल वाजली तरी भिंतीत शिरायला बघतं. तुम्ही दार लावून घेतल्यावरच ताटलीतलं खातं.

अशा कुत्र्याला घर मिळतं. वेळ जास्त लागतो आणि शोधायची रीत वेगळी असते. प्रेमळ माणसं शोधायला फार कष्ट पडत नाहीत. ‘अगं बाई, किती गरीब आहे’ म्हणणारी दहा भेटतील. बघायचा असतो तो त्या घराचा दिवस. सकाळी दार किती वेळा उघडतं, दुपारी कोण असतं, पाहुणे किती, गाणी किती मोठ्याने लागतात, फाटक आपोआप बंद होतं की उघडंच राहतं. कुत्र्याला निभवायचं असतं ते या सगळ्याशी.

त्याआधी स्वतःला एक अवघड प्रश्न विचारा. याला घर खरंच हवं आहे का? गल्लीत जन्मलेला, गल्लीतल्या चार कुत्र्यांत नांदणारा, हात पुढे केला की दोन पावलं मागे सरणारा पण ठरलेल्या ओट्यावर रोज येऊन भाकरी खाणारा कुत्रा लोकांना भित्रा वाटतो. तो सावध आहे, एवढंच. आणि रस्त्यावर सावधपणा कामाचा असतो. त्याला धरून तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये नेऊन कोंडणं ही दया नव्हे. 2023 च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनुसारही नसबंदी आणि रेबीजची लस झाली की कुत्रा जिथून उचलला तिथेच परत सोडायचा असतो. कानाला पाडलेली व्ही आकाराची खाच ही त्याची खूण. असा कुत्रा गल्लीत सुखाने असेल, तर त्याला रोजचं पाणी आणि वर्षाची लस एवढं बघा आणि हा लेख बाजूला ठेवा.

घराची गरज असते ती वेगळ्यांना. महामार्गावर धडक बसून पाय गमावलेला. आई मेलेली पिल्लं. भुसावळच्या रेल्वे क्वार्टरमधून बदली झाल्यावर मागे राहिलेला पाळीव कुत्रा, ज्याला रस्त्यावर जगायची अक्कलच नाही. त्यात अलीकडे एक भर पडली आहे. 7 नोव्हेंबर 2025 च्या आदेशात सर्वोच्च न्यायालयाने शाळा, रुग्णालयं, क्रीडासंकुलं, बसस्थानकं आणि रेल्वेस्थानकं इथून उचललेले कुत्रे नसबंदी-लसीकरणानंतरही त्याच जागी सोडू नयेत असं बजावलं. एखाद्या फलाटावर जन्म काढलेल्या कुत्र्याला त्यामुळे परतायला जागा उरत नाही.

भीती ओळखायची कशी

कुत्रा भितो त्याची कारणं दोन-तीनच असतात, पण कुठलं ते कळल्याशिवाय घर शोधता येत नाही. अमेरिकेत जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर यांनी कित्येक वर्षं प्रयोगशाळेत पिल्लं वाढवून पाहिली आणि 1965 साली त्यावर मोठा ग्रंथ काढला. त्यांचा निष्कर्ष आजही मानला जातो : साधारण तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यापर्यंत पिल्लू जे जे पाहतं ते त्याला आपलं वाटतं, या काळात माणसाचा हात लागलाच नाही, तर पुढे माणूस त्याच्यासाठी परकाच राहतो. बंद कारखान्याच्या शेडमागे वाढलेली कुत्री आणि मालकाने टाकून दिलेला पामेरियन, दोघंही तुमच्या जिन्याखाली सारखेच थरथरतील. पण दुसऱ्याला घर म्हणजे काय ते माहीत आहे. तो काही आठवड्यांत सावरण्याची शक्यता बरीच. पहिलीला महिने लागतील, आणि काही गोष्टी तिला कधीच आवडणार नाहीत. दोघांसाठी घर एकच चालत नाही.

तिसरं कारण दुखणं. गोचिडतापाने अंग मोडून आलेला, कानात पू झालेला, जुनं हाड वेडंवाकडं जुळलेला कुत्रा हात टाळणारच. म्हणून घराच्या शोधाआधी पशुवैद्याकडे जा. खानदेशात गोचिडांचा त्रास मोठा. रक्ततपासणी करून घ्या, जंताचं औषध, रेबीजची लस आणि डिस्टेंपर-पार्व्होची एकत्रित लस द्या. नसबंदी न केलेली मादी कुणाला देऊच नका. ‘आम्ही करून घेऊ’ हे वाक्य माणसं मनापासून बोलतात आणि मनापासून विसरतात.

भीतीच्या खुणा बहुतेकांना अर्ध्याच माहीत असतात. शेपूट आत, कान मागे, हे दिसतं. तोंडात खाणं नसताना ओठ चाटणं, झोप नसताना जांभई, मान न वळवता डोळ्यांचा पांढरा भाग दिसेल असं तिरपं बघणं, हे नजरेतून सुटतं. सगळ्यात फसवी खूण म्हणजे काहीच न करणं. घाबरून दगड झालेल्या कुत्र्याला लोक ‘शांत आहे, काही करत नाही’ म्हणून मांडीवर घेतात. तो शांत नसतो, त्याने हार मानलेली असते. आणि हार मानलेलं जनावर शेवटचा उपाय म्हणून चावतं. गुरगुरला तर ओरडू नका. गुरगुरणं ही त्याने दिलेली सूचना आहे. ती सूचना मार देऊन बंद केलीत, तर पुढच्या वेळी सूचनेविनाच दात लागतील.

दात किंवा नख लागलंच तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा. हळद, चुना, मिरची काही भरू नका. त्याच दिवशी दवाखाना गाठा. जळगावचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, धुळ्याचं भाऊसाहेब हिरे वैद्यकीय महाविद्यालय किंवा तालुक्याचं सरकारी रुग्णालय इथे रेबीजविरोधी लस मिळते. कुत्रा ‘आपलाच’ आहे ही सबब चालत नाही. रेबीजला लक्षणं दिसल्यावर औषध नाही.

कुत्र्याशी ओळख वाढवायची ती मात्र सावकाश. कोलकात्याच्या आयसरमध्ये अनिंदिता भद्रा यांच्या गटाने भारतातल्या रस्त्यावरच्या कुत्र्यांवर बरंच काम केलं आहे. 2017 मध्ये त्यांनी दाखवलं, की अनोळखी माणसाने पुन्हापुन्हा खाऊ देण्यापेक्षा पुन्हापुन्हा कुरवाळलं तर कुत्र्याचा विश्वास अधिक बसतो. वाचायला गोड वाटतं, पण ते कुत्रे स्वतः माणसापर्यंत चालत आलेले होते. तुमचा अजून जिन्याखाली आहे. त्याच्यासाठी हात शेवटी येतो. आधी नुसतं जवळ बसणं, तेही पाठ किंवा कूस त्याच्याकडे करून, हातात पेपर धरून. उकडलेल्या अंड्याचा तुकडा जरा लांब टाकायचा आणि वर बघायचं नाही. तो हुंगायला आला तरी हात हलवायचा नाही. डोक्यावरून हात नेऊ नका. हनुवटीखाली, छातीशी खाजवा, तेही त्याने अंग टेकवल्यावर.

देण्याआधीची तयारी

घर शोधायला सुरुवात करण्याआधी कुत्र्याला चार गोष्टी यायला हव्यात : माणूस खोलीत असताना खाणं, गळपट्टा आणि छातीपट्टा अंगावर ठेवू देणं, पहाटे दोरीने बाहेर जाऊन घाण करणं, आणि घरातले आवाज सोसणं. यातल्या शेवटच्या गोष्टीकडे दुर्लक्ष होतं. जळगावच्या घरात कुत्र्याला सगळ्यात जास्त घाबरवणारी वस्तू कुठली म्हणाल, तर कूलर. मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो, आणि प्रत्येक घरात पत्र्याचा नाहीतर प्लॅस्टिकचा कूलर धडधडत असतो. ज्या कुत्र्याने तो कधी ऐकला नाही, तो नव्या घरी पहिल्या दुपारीच दाराला धडका देतो. म्हणून शेजारच्या खोलीत, कमी वेगावर, दार लोटून कूलर लावा आणि त्याच वेळी जेवण द्या. रोज दार थोडं अधिक उघडा. मिक्सर, कुकरची शिट्टी, भांडी घासणं, मोटारसायकलला किक मारणं, सगळ्याला हीच रीत. आवाज आला की चांगलं खायला मिळतं, इतकंच त्याच्या डोक्यात बसायला हवं. कान फडफडायला लागले, खाणं थांबलं, की आवाज जास्त झाला असं समजा आणि मागे या.

खाण्याचं सांगायचं तर नुसती भाकरी-ताकावर कुत्रा जगतो, सावरत नाही. अंडी, उकडलेलं चिकन, शाकाहारी घर असेल तर दूध-दही, वरण, पनीर असं काहीतरी प्रथिनांचं हवं. शेवभाजीचा रस्सा आणि भरीत मात्र त्याच्या ताटलीत नको. तिखटाने पोट बिघडेल ते बिघडेलच, पण कांदा-लसूण कुत्र्याच्या रक्ताला घातक आहे. द्राक्षं आणि मनुकाही नकोत. केळ्याचा तुकडा चालतो, आणि आपल्याकडे केळ्याला तोटा नाही.

हे सगळं होत असताना एक वही ठेवा. कशाला भितो, कशाने येतो, किती वेळात परत खायला लागतो. नव्या घराला द्यायची सगळ्यात मोलाची चीज ती.

जाहिरात : खरं लिहा

व्हॉट्सॲपच्या गटांवर फिरणाऱ्या बहुतेक मजकुरांत ‘अतिशय प्रेमळ, खेळकर, सर्वांशी मिसळणारा’ असं लिहिलेलं असतं. भित्र्या कुत्र्याबद्दल हे लिहिलंत, तर तो आठ दिवसांत परत येईल. किंवा परत न येता रस्त्यावर जाईल, ते अधिक वाईट. मजकूर साधारण असा असावा :

‘सोनी. मादी, वय अंदाजे दोन वर्षं. नसबंदी झालेली, लसी दिलेल्या, कार्ड आहे. मागचा डावा पाय जरा लंगडतो, दुखत नाही. अनोळखी माणसाला घाबरते, पुरुषांना जास्त. आजवर चावलेली नाही, पण कोपऱ्यात अडवलं तर गुरगुरते. दुसऱ्या कुत्र्यांशी छान जमतं. मोठ्या आवाजाला लपते. राखण करणार नाही. पहिले काही आठवडे अंगाला हात लावू देणार नाही. जिथे माणसं थोडी, दार-फाटक बंद राहतं आणि दिवसा कुणीतरी घरी असतं अशाच घरी द्यायची आहे. आधी महिनाभर सांभाळून पाहता येईल.’

या मजकुराला फोन कमी येतील. येऊ देत कमी. जे येतील ते वाचून आलेले असतील. फोटो एकच, स्वच्छ उजेडातला, तिच्या नेहमीच्या कोपऱ्यातला. पट्टा ओढून धरलेला, डोळे विस्फारलेला नको. आणि शोध दूरवर घ्या. मुंबईतली वर्ल्ड फॉर ऑल, पुण्यातली रेस्क्यू अशा संस्था दत्तक देण्याचं काम नियमाने करतात. त्यांच्या अर्जातले प्रश्न वाचलेत तर आपण काय विचारायला हवं याची चांगली कल्पना येते. सगळे भार त्यांच्यावर टाकायची अपेक्षा मात्र ठेवू नका. त्यांच्या दारात आधीच रांग असते.

कुठलं घर, कुठलं नाही

मुलीसाठी स्थळ पाहताना जसं दिवाणखान्याऐवजी स्वयंपाकघरात डोकावतात, तसं इथे करायचं. घरी जा. न सांगता नव्हे, पण जा. आणि मळ्यापासून सुरुवात करू, कारण खानदेशात सगळ्यात जास्त येणारा सल्ला तोच : ‘मळ्यात सोडून द्या ना, मोकळी जागा आहे, खाईल-पिईल.’

मोकळी जागा हाच भित्र्या कुत्र्याचा घात. पहिल्याच फटाक्याला, पहिल्याच ट्रॅक्टरला तो उसाच्या नाहीतर केळीच्या ओळींत शिरतो आणि परत सापडत नाही. बांधून ठेवला तर त्याहून वाईट. पळता न येणारं भित्रं जनावर शेवटी चावरं होतं. शिवाय बिबट्या. सातपुड्याच्या पायथ्याशी यावलकडे आणि इकडे चाळीसगावच्या बाजूला त्याचा वावर आहे. नगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी बिबट्याच्या विष्ठेचा अभ्यास केला होता, 2014 मध्ये तो प्रसिद्ध झाला. तिथल्या बिबट्याच्या एकूण भक्ष्यात, वजनाच्या हिशेबाने, 39 टक्के पाळीव आणि गावठी कुत्रेच निघाले. शेळ्यांपेक्षाही जास्त. ऊस असलेल्या, वस्ती विरळ असलेल्या शिवारात रात्री बाहेर झोपणारा, भुंकून कुणाला न उठवणारा कुत्रा म्हणजे काय, ते वेगळं सांगायला नको. मळा द्यायचाच तर असा द्या जिथे कुटुंब कायम राहतं, पक्कं घर आहे आणि रात्री कुत्रा आत झोपतो. अशी घरं आहेत. थोडी आहेत.

गावातला मोठा वाडा, एकत्र कुटुंब, हे ऐकायला छान. पण ज्या घराचं पुढचं दार सकाळी उघडतं ते रात्रीच बंद होतं, जिथे दूधवाला, भाचे, सालदार, शेजारीण सगळे ‘काय चाललंय’ म्हणत थेट माजघरापर्यंत येतात, तिथे हा कुत्रा पलंगाखालून बाहेरच येणार नाही. आठ-दहा वर्षांखालची मुलं असलेलं घरही तूर्त टाळा. मुलं वाईट नसतात. ती हळू चालत नाहीत एवढंच.

फ्लॅटला आपण उगाच नाकं मुरडतो. बंद दार, मोजकी माणसं, ठरलेल्या वेळा, यांमुळे भित्र्या कुत्र्याला फ्लॅट कधीकधी फार मानवतो. अडचण जिन्याची आणि लिफ्टची, आणि खाली उतरल्यावर भेटणाऱ्या कुत्र्यांच्या टोळीची. सोसायटीने हरकत घेतली तर भारतीय प्राणी कल्याण मंडळाचं 2015 चं परिपत्रक दाखवा : सोसायटीला पाळीव प्राण्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही. भाड्याचं घर असेल तर घरमालकाची परवानगी लेखी घ्या. तोंडी परवानगी पहिल्या भुंकण्यापर्यंत टिकते.

निवृत्त जोडपं हे कागदावर सगळ्यांत उत्तम स्थळ. शांत घर, दिवसभर माणूस, ठरलेली दुपारची झोप. पण एक प्रश्न जरूर विचारा : मुलं कुठे असतात? पुण्यात किंवा अमेरिकेत असतील आणि दर उन्हाळ्यात काका-काकू दोन-तीन महिने तिकडे जात असतील, तर त्या काळात सोनी कुणाकडे? ‘बघू काहीतरी’ हे उत्तर नव्हे. रेल्वे, बँक, पोलीस अशा बदलीच्या नोकरीतल्यांनाही हाच प्रश्न. बदली झाली म्हणून टाकलेला कुत्रा तुम्ही एकदा उचललाय. तोच दुसऱ्यांदा उचलायची वेळ येऊ नये.

माझं मत विचाराल तर सगळ्यांत चांगलं घर ते, जिथे आधीच एक वयाने पोक्त, निवांत कुत्रा आहे. भित्रा कुत्रा माणसाकडून शिकत नाही तेवढं दुसऱ्या कुत्र्याकडून शिकतो. तो कूलरपुढे लोळतोय म्हणजे कूलर खात नाही. तो या बाईच्या पायाशी बसतोय म्हणजे ही बाई मारत नाही. दोन कुत्र्यांची भेट आधी बाहेर, मोकळ्यावर घडवा, दोऱ्या सैल ठेवून, आणि मग घरात न्या.

आधीचा कुत्रा कसा गेला, हा प्रश्नही विचारा आणि उत्तर ऐकताना आवाजाकडे लक्ष द्या. ‘गेला कुठेतरी’ म्हणणाऱ्यांना नम्रपणे नकार द्या. नकार देताना आपल्याकडे भीड आडवी येते, कारण विचारणारा बहुधा नात्यातला किंवा ऑफिसातला असतो. ‘डॉक्टरांनी सांगितलंय, अजून महिनाभर हलवायची नाही’ म्हणा. डॉक्टर रागावणार नाहीत.

कागद

कागद करा, नात्यातल्यांशीसुद्धा. एका पानावर दोघांची नावं, कुत्र्याचं वर्णन, लसींच्या तारखा, आणि तीन अटी : बाहेर बांधून ठेवणार नाही, दुसऱ्याला परस्पर देणार नाही, सांभाळणं जमलं नाही तर मलाच परत देईन. शेवटची अट सर्वांत महत्त्वाची, आणि ती तुमच्यावरही बंधनकारक आहे. महापालिका हद्दीत पाळीव कुत्र्याची नोंद करून घ्यायला सांगा. रस्त्यावरचा कुत्रा थेट महापालिकेकडून दत्तक घ्यायचा असेल तर 22 ऑगस्ट 2025 च्या आदेशात सर्वोच्च न्यायालयाने तशी वाट करून दिली आहे : अर्ज करायचा, कुत्र्याला खूण लावून तो दिला जातो, आणि तो पुन्हा रस्त्यावर येणार नाही ही जबाबदारी घेणाऱ्याची. पाळलेलं जनावर अन्नपाण्यावाचून हाल होतील असं टाकून देणं 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहेच. पहिल्या गुन्ह्याला दंड दहा ते पन्नास रुपये. म्हणून म्हणतो, कायद्यापेक्षा तुमचं पान जास्त उपयोगाचं.

केव्हा आणि कसं न्यायचं

आपल्याकडचं वर्ष आवाजाच्या हिशेबाने बघा. श्रावणात कानबाईची मिरवणूक, मग पोळा, गणपती, देवी, दिवाळी. तुळशीचं लग्न लागलं की लग्नसराई आणि डीजे. मधला शांत तुकडा पौषाचा. लग्नकार्याला वर्ज्य मानलेला हा महिना भित्र्या कुत्र्याला नव्या घरी न्यायला फार चांगला : थंडी असते, वराती नसतात. दिवाळीच्या आधीचे काही आठवडे कुत्रा कुणालाच देऊ नका, कितीही चांगलं घर मिळालं तरी. ‘दिवाळीनंतर या’ म्हणा. ज्यांना खरंच हवा असेल ते येतात. नव्या घराची पहिली दिवाळी येईल तेव्हा काय करायचं तेही आधीच सांगून ठेवा : आतली खोली, खिडक्या बंद, पंखा-टीव्ही चालू, संध्याकाळचं फिरणं उजेड असतानाच. फारच त्रास होत असेल तर पशुवैद्य भीती कमी करणारं औषध देतात. माणसांच्या झोपेच्या गोळ्या घरच्या घरी देऊ नयेत.

घर नाशिक-पुण्याचं असेल तर गाडीने न्या. रेल्वेत कुत्रा नेता येतो, पण एक तर वातानुकूलित पहिल्या वर्गाचा अख्खा कूपे घ्यावा लागतो, नाहीतर गार्डच्या डब्यातल्या पेटीत कुत्रा ठेवावा लागतो. भित्र्या कुत्र्याला त्या पेटीत घालून रात्रभर नेलंत, तर महिन्यांची मेहनत एका रात्रीत जाते. गाडीत पिंजरा किंवा पेटी असावी, निघण्याआधी जेवण हलकं, आणि वाटेत ढाब्यावर दार उघडताना दोरी हातात गुंडाळलेली. हे वाक्य पुन्हा वाचा. घाबरलेले कुत्रे सगळ्यात जास्त हरवतात ते गाडीतून उतरताना आणि नव्या घरातल्या पहिल्या दिवसांत. गळपट्टा आणि छातीपट्टा दोन्ही घाला, दोन्हींना वेगवेगळी दोरी लावा. भित्रा कुत्रा मागे सरकत डोकं काढून घेतो, तेव्हा दुसरी दोरी वाचवते. पट्ट्यावर मोबाइल नंबर लिहून शिवून टाका.

सोमवारी किंवा मंगळवारी सकाळी न्या. रविवारी सगळे घरी असतात आणि सगळ्यांना बघायचं असतं. सोबत त्याचं जुनं गोणपाट किंवा गोधडी द्या, न धुता. घरी पोचल्यावर एकच कोपरा, तीन बाजूंनी बंद, येण्याजाण्याच्या वाटेवर नसलेला. पाणी जवळ. मग सगळ्यांनी आपापल्या कामाला लागायचं. आंघोळ नाही, औक्षण नाही, शेजाऱ्यांना दाखवणं नाही. दिवाणाखाली शिरला तर काठीने किंवा हाताने बाहेर काढायचा नाही. पहिला दिवस-दीड दिवस खाल्लं नाही तर घाबरू नये; पाणीही पीत नसेल तर डॉक्टरांना फोन करा.

प्राणी सांभाळणाऱ्यांत तीन दिवस, तीन आठवडे, तीन महिने असा एक ठोकताळा जगभर सांगतात : तीन दिवसांत धक्का ओसरतो, तीन आठवड्यांत घराची रीत कळते, तीन महिन्यांत घर आपलं वाटतं. साध्या कुत्र्याला तो लागू पडतो. शेडमागे वाढलेल्या सोनीसाठी प्रत्येक आकडा दुप्पट धरून चला, आणि नव्या माणसांना तसं आधीच सांगा. नाहीतर चौथ्या आठवड्यात फोन येतो : ‘अजून जवळ येत नाही हो, आमचंच काही चुकतंय का?’

त्या फोनची वाट बघू नका, तुम्हीच करा. पहिल्या आठवड्यात रोज, मग आठवड्याला. प्रत्यक्ष भेटायला मात्र महिनाभर जाऊ नका. तुम्ही दिसलात की तिची अर्धी बसलेली घडी मोडते. ‘कशी आहे’ असं विचारू नका, ‘छान’ एवढंच उत्तर मिळेल. कुठे झोपते, माणूस समोर असताना खाते का, काल कशाला घाबरली, असं विचारा.

निसटलीच, तर हाका मारत मागे धावायचं नाही. गावभर लोक मागे लागले की ती महामार्ग ओलांडते. निसटलेला भित्रा कुत्रा बहुधा पहिले एक-दोन दिवस जवळच कुठेतरी दडून असतो : नाल्यात, बांधकामाच्या साइटवर, उभ्या ट्रकखाली. तिचं गोणपाट आणि खाणं जिथून निसटली तिथेच ठेवा, नव्या घरच्यांना तुम्हाला बोलवून घ्यायला सांगा, आणि पहाटे चार-पाचच्या सुमारास, रस्ते रिकामे असताना, एकट्याने जाऊन जमिनीवर बसा. रस्त्यावरच्या कुत्र्यांना खायला घालणाऱ्या बायका-माणसांना फोटो पाठवा. त्यांना प्रत्येक नवा चेहरा कळतो.

आणि घर मिळालंच नाही तर? असंही होतं. सहा महिने गेले, तीन स्थळं मोडली, सोनी अजून जिन्याखालीच. तेव्हा ती कुठे नीट जगतेय ते पाहा. तुमच्या अंगणात पोट भरतंय, गल्लीतल्या दोन कुत्र्यांशी तिचं जमतंय, नसबंदी-लस झाली आहे, तर शोध थांबवून महापालिकेत तुमच्याच नावाने तिची नोंद करून टाका.